अंगचोर

कायानी गावातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर
मी सात वेळा गेले. सातही वेळा
दार उशिरा उघडलं.

फायलीत मीच लिहिलं होतं, माझ्याच वळणदार अक्षरात:
आई दुपारी बारापर्यंत झोपून. भांडी तशीच.
मुलगा उपाशीपोटी शाळेत.
प्रश्नाला उत्तर द्यायला फार वेळ लावते.
सहकार्याची इच्छा दिसत नाही.
शेवटच्या ओळीवर पेन अडखळलंसुद्धा नाही.

तुइरे तिचं नाव. वय एकतीस.
आवाज घोगरा, मला वाटलं सिगारेट.
चेहरा सुजलेला, मला वाटलं रात्रीची दारू.
कपाट उघडून बाटल्या शोधल्या मी.
सापडलं काय, तर लोकरीचे मोजे,
एकात एक घातलेले, तीन-तीन जोड.

ऑफिसात कॉफी ओतता ओतता कुणीतरी म्हणालं,
अंगचोर असतात काही बायका.
मी मान डोलावली.

आम्हाला शिकवलं होतं: घर बघा, नाती बघा,
बालपण बघा, थकलेलं भाडं बघा.
सगळं बघितलं.
कातडीच्या आत काय चाललंय ते बघणं
डॉक्टरांचं काम, असं मी धरून चालले.
आणि डॉक्टरकडे जायला
तिला आधी उठायला तर हवं होतं.

नोव्हेंबर. तीनलाच अंधार.
ती आत कुठल्याशा कागदावर सही करायला चष्मा शोधत होती.
ओक्को, वय सात, पुढचे दोन दात पडलेले,
जमिनीवर गाडी फिरवत म्हणाला,
"आईला सौनातपण घाम येत नाही.
शुक्रवारी सहाला आमची पाळी असते ना तळघरात,
ती अगदी वरच्या फळीवर बसते, मोजे घालून.
मी दगडांवर पाणी ओतून ओतून दमतो."

तक्रार नव्हती ती. कौतुक होतं,
आईला जशी एखादी विद्याच येते.

ती चष्मा घेऊन आली, आणि मी पहिल्यांदा
तिच्या भुवया बघितल्या.
बाहेरच्या टोकाला पुसल्यासारख्या,
कुणी चित्र काढता काढता उठून गेलेलं.
हात हातात घेतला. कोरडा. तळ्यावरच्या लाकडासारखा गार.
सात भेटी, आणि हात आज.

माझ्याच गाडीतून नेलं. एक नळी रक्त.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आकडा चारच्या आत हवा,
हिचा नव्वदच्या वर आहे.
गळ्यातली ग्रंथी, अंगठ्याएवढी,
वर्षभर जवळजवळ बंद पडलेली.
ही उभी कशी राहायची, हेच नवल.

मी फाईल उघडली. मांडीवर, गाडीतच.
तिनं अंग चोरलं नव्हतं.
तिचं अंगच चोरीला गेलं होतं,
आणि मी
जिच्या घरी चोरी झाली तिचाच जबाब लिहीत बसले होते.

वसंतात बर्फ तडकला तेव्हा
दार लवकर उघडू लागलं. एवढंच सांगते.
गोळीनं भाडं भरलं जात नाही.
ओक्कोचा बाप ओउलूहून परतला नाही.
तुइरे अजूनही चिडते, कधी उगाच,
आणि त्या चिडण्याला कुठली ग्रंथी जबाबदार
असं मी विचारत नाही. माणूस चिडतं.

नवीन मुली येतात हाताखाली, हुशार, घाईतल्या.
त्यांना सांगते, घर बघाच,
पण घरात शिरल्यावर आधी विचारा:
थंडी वाजते का? झोप येते का? शेवटचं रक्त कधी तपासलं?
त्या लिहून घेतात.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगत नाही.
वीस वर्षांपूर्वी इर्या म्हणून एक होती.
तीही उशिरा उठायची.
तिच्या दोन्ही मुली दुसऱ्या घरी दिल्या, सही माझी.
तिच्या भुवया आठवायचा प्रयत्न करते,
केस आठवतात, स्वयंपाकघरातला पिवळा पडदा आठवतो.
तिचा हात मी कधी हातात घेतला नव्हता.
गार होता का,
कुणाला विचारू?